वेताळ टेकडीवरचा मुलांचा रविवारचा निसर्गवर्ग: वर्षभर पाठवल्यावरचा रिव्ह्यू

ज्यांची मुलं दुसरी ते सहावीत आहेत आणि जे पुण्यात कोथरूड, पाषाण, औंध, सेनापती बापट रोड या पट्ट्यात राहतात त्यांच्यासाठी मुख्यतः लिहितेय, कारण गेलं वर्षभर ओळखीतले सगळे मला हेच विचारतायत की तुम्ही रविवारी पहाटे मुलीला घेऊन टेकडीवर कुठे जाता, तिथे नक्की शिकवतात काय, आणि पैसे देण्यासारखं आहे का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देते, आहे. पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे लिहिलंय.

वर्ग चालवणाऱ्यांचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. एक ताई आणि एक दादा मिळून चालवतात, बारा मुलांची एकच बॅच आहे, वेटिंग आधीच लांबलंय आणि त्यांनीच सांगितलंय की यापेक्षा जास्त मुलं आम्हाला झेपणार नाहीत. तसंही टेकड्यांवर आता असे बरेच ग्रुप सुरू झालेत, त्यामुळे नावापेक्षा असा वर्ग निवडताना काय बघायचं ते कळलं तर जास्त उपयोग होईल.

आधी जागेबद्दल, कारण अर्ध्याहून जास्त शिकवणं ती जागाच करते. वेताळ टेकडी म्हणजे पुणे शहरातली सगळ्यात उंच टेकडी, समुद्रसपाटीपासून साधारण 800 मीटर. वर वेताळबाबाचं देऊळ, एका अंगाला एआरएआय ही वाहनांवर संशोधन करणारी संस्था, एक जुनी दगडखाण जिच्यात पावसाचं पाणी साठतं, आणि हवा स्वच्छ असली की लांबवर सिंहगड. लोक पहाटे चालायला येतात, तासाभरात उतरून कामाला लागतात. आम्हीही कित्येक वर्षं तसंच करत होतो. तिथे सालई, खैर, मेडशिंगी, पळस, गणेर अशी आपल्या कोरड्या रानातली झाडं आहेत, आणि बराच मोठा भाग वनखात्याने काही दशकांपूर्वी लावलेल्या गिरिपुष्पाचा आहे, जे मूळचं मेक्सिकोकडचं झाड. घनदाट जंगल वगैरे नाही, मार्च-एप्रिलमध्ये तर टेकडी पार करडी होऊन जाते, आणि नवीन पालक नेमके तेव्हाच चौकशीला आले की तोंड वाकडं करतात की इथे बघायला आहे काय. त्यांना माझं एवढंच सांगणं असतं की एक पूर्ण वर्ष द्या.

वर्गाची पद्धत साधी आहे. पाषाणच्या पंचवटीच्या बाजूने वर चढायचं, वर एका ठरलेल्या जागी जमायचं, आणि मग प्रत्येक मूल आपापल्या जागेवर जाऊन दहा मिनिटं गप्प बसतं. ही जागा जूनमध्ये मुलानेच निवडलेली असते, एखादं झाड किंवा खडक किंवा झुडूप, आणि वर्षभर तीच राहते, बदलून मिळत नाही. वहीत जे दिसेल ते लिहायचं किंवा काढायचं, लिहायचं नसेल तर नुसतं बसायचं. त्यानंतर सगळे एकत्र येतात, कोणाला काय दिसलं ते सांगतात, आणि त्या दिवशीचं चालणं त्या गप्पांतून ठरतं. म्हणजे कोणी म्हणालं माझ्या खडकाखाली मातीत नरसाळ्यासारखे बारके खड्डे झालेत, की बारा मुलं त्या खड्ड्यांभोवती पालथी पडून मुंगी आत घसरायची वाट बघणार, आणि तळाशी दडलेली अळी माती उडवून मुंगीला खाली पाडते ते स्वतःच्या डोळ्यांनी बघणार. त्यात अर्धा तास गेला तर गेला. मागच्या वर्षी आम्ही मुलीला एका प्रसिद्ध निवासी कॅम्पला पाठवलं होतं, तिथे दिवसाला सात ॲक्टिव्हिटी होत्या, झिपलाइन, तंबू, बोनफायर, नेचर ट्रेल पस्तीस मिनिटं. मजा आली तिला, पण परत आल्यावर त्या जागेबद्दल सांगण्यासारखं तिच्याकडे काहीच नव्हतं, फक्त झिपलाइनबद्दल होतं.

मुलीने सालईचं झाड निवडलं होतं, का तर त्याची साल कागदासारखी सुटते म्हणून. जूनमध्ये त्याला नुकती पालवी फुटलेली. पावसाळ्यात खोडावर शेवाळ आलं, गोगलगायी आल्या, मग थंडीत पानं पिवळी पडायला लागली आणि खोडाला एका ठिकाणी डिंक दिसला. घरी येऊन तिने तो डिंक कशाचा ते आजीला विचारलं, आजीने देव्हाऱ्यातल्या धुपाबद्दल सांगितलं की सालईचा डिंक धुपात घालतात, आणि पुढच्या रविवारी पोरीने ते सगळ्या ग्रुपला सांगितलं. ताईंना हे अर्थातच माहीत होतं पण त्या सहा महिने बोलल्या नाहीत. हे मला फार आवडलं. मूल विचारेपर्यंत थांबायला जो धीर लागतो तो आपल्या शाळांच्या वेळापत्रकात बसतच नाही. तिसरीपासून परिसर अभ्यास हा विषय आहे, पुस्तक चांगलंही आहे, पण परिसर बघायला वर्गाबाहेर पडायचं तर वर्षातून एक सहल. आणि ते पुस्तक काढणाऱ्या बालभारतीचं ऑफिस याच टेकडीच्या पायथ्याशी आहे, म्हणजे पुस्तकापासून परिसर किती जवळ आहे बघा.

ऋतू कसे येतात ते थोडं सविस्तर सांगते कारण फी कशाची भरायची ते त्यातूनच कळेल.

जूनचे पहिले रविवार सगळ्यात भारी. एक-दोन सरी पडल्या की मातीत लाल मखमली मृगाचे किडे फिरायला लागतात, आपण लहानपणी काडेपेटीत भरायचो ते. इथे काडेपेटीत भरायचे नाहीत असा नियम आहे, हातावर घेऊन बघायचे आणि जिथून उचलले तिथेच सोडायचे. त्याच सुमाराला चातक येतो, काळापांढरा, डोक्यावर तुरा. पावसाबरोबर तो आफ्रिकेकडून इथवर येतो हे ऐकून मुलं गार पडली. पण खरी चर्चा रंगली ती तो अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो यावर. सातभाई टेकडीवर सगळीकडे, कलकलाट करत टोळीने फिरणारे, मुलांना चांगले ओळखीचे, त्यामुळे पोरांना हा सरळसरळ अन्याय वाटला. एक मुलगा म्हणाला सातभाईंना सांगायला पाहिजे. दादांनी त्याला समजावलं नाही, फक्त म्हणाले आता पुढचे दोन महिने सातभाईंच्या टोळीत एखादं वेगळं दिसणारं पिल्लू चारा मागताना दिसतंय का बघत राहा. सगळी मुलं ऑगस्टपर्यंत टोळ्या मोजत होती.

जुलै-ऑगस्टमध्ये खडकातल्या डबक्यांत टॅडपोल, म्हणजे बेडकांची पिल्लं. तेच डबकं दर आठवड्याला बघायचं, पाय कधी फुटतात, शेपूट कधी जाते. मध्ये दहा-बारा दिवस पाऊस गायब झाला आणि एक डबकं आटून गेलं, त्यातले सगळे मेले, आणि दोन-तीन मुलं रडली. काही पालकांनी त्यावर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाराजी लिहिली की मुलांना असं कशाला दाखवायचं, आधीच पाणी का नाही घातलं. ताईंनी शांतपणे उत्तर दिलं की पाणी घालूया का यावर मुलांनीच चर्चा केली होती आणि बहुतेकांनी नको म्हटलं, ज्यांना घालायचं होतं त्यांना अडवलंही नव्हतं, पण बाटलीभर पाण्याने डबकं वाचत नाही. मी पूर्णपणे ताईंच्या बाजूने आहे. पाऊस लांबला म्हणजे काय होतं हे माझ्या मुलीला आता हवामानाच्या बातमीशिवाय कळतं.

पाऊस संपता संपता टेकडी सगळ्यात देखणी असते, सोनकी, तेरडा, कमरेएवढं गवत, आणि झुडपांमध्ये मोठ्या जाळ्यात बसलेले कोळी, ज्यांच्या जाळ्यात मधोमध जाड पांढरी नागमोडी रेघ असते. मग गवत वाळतं आणि कुसळं सुटतात. सगळ्यांच्या सॉक्समध्ये कुसळं, सगळी मुलं वैतागलेली, आणि त्याच दिवशी दादांनी एक कुसळ घेऊन ओल्या तळहातावर ठेवायला लावलं. ते आपोआप गोल फिरायला लागतं! त्या कुसळाच्या शेपटाला वाळलं की पीळ पडतो आणि ओल लागली की पीळ उलगडतो, आणि त्या फिरण्यामुळे बी स्क्रूसारखं जमिनीत घुसतं, म्हणजे गवत स्वतःला पेरतं. मी चाळिशीची आहे, माझं लहानपण नगर जिल्ह्यात गवतात खेळण्यात गेलं, हे मला माहीत नव्हतं. त्या आठवड्यात आमच्या सोसायटीतली सगळी मुलं जिन्यात बसून कुसळं फिरवत होती.

थंडीत पक्षी. स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर एकदा सगळ्यांना दिसला, लांब शेपटी रिबिनीसारखी, आणि त्यानंतर महिनाभर प्रत्येकाला वाटायचं आपल्याच झाडावर येणार. पण पक्ष्यांची यादी करायचा हट्ट इथे नाही हे मला बरं वाटतं, काही ग्रुपमध्ये मुलांची एकमेकांशी स्पर्धाच लागते की तुझे किती झाले.

फेब्रुवारी-मार्चमध्ये गिरिपुष्पाला गुलाबी बहर, पळस लालभडक, आणि गणेर, ज्याला सोनसावरही म्हणतात, एकही पान नसलेल्या फांदीवर हाताच्या पंजाएवढी पिवळीधमक फुलं. आणि याच दिवसांत वणवे. एका रविवारी जाऊन बघतो तर उताराचा मोठा पट्टा काळा. दोन मुलांच्या जागा त्यात गेल्या. वर्ग रद्द झाला नाही, त्या दोघांना सगळ्यांनी सोबत केली, राखेत काय उरलंय ते बघितलं, पुढच्या रविवारी परत, त्याच्या पुढच्या रविवारी परत.

दगडांबद्दल लिहायचं राहिलं. दादांचा विषय भूगोल आहे, ते खाणीच्या बाजूला लांबूनच लाव्हाचे थर दाखवतात, हा सगळा काळा बेसाल्ट साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, त्यातली भोकं म्हणजे थंड होताना अडकलेल्या वायूची जागा, आणि काही भोकांत पांढरे चकचकीत खडे तयार झालेत ते झिओलाइट. सिंहगडाकडे बोट दाखवून सांगतात की तिकडचे थरही त्याच गोष्टीतले. मुलीला आता रस्ता खोदलेला दिसला की गाडी थांबवायची असते.

सगळ्यात लक्षात राहिलेला प्रसंग मात्र वेगळाच आहे. पायथ्याच्या वस्तीतल्या बायका वर सरपणाला येतात, डोक्यावर मोळी घेऊन उतरतात. एकदा ताईंनी त्यातल्या एका मावशींना थांबवून मुलांना सांगितलं, विचारा काय विचारायचं ते. मुलांनी आधी वजन विचारलं, मग कुठलं लाकूड घेता ते विचारलं. मावशी म्हणाल्या, गिरिपुष्प, ते चांगलं जळतं आणि तोडलं तरी परत फुटतं. आता त्याआधी कित्येक आठवडे मुलं ऐकत आलेली की हे बाहेरचं झाड, त्याच्याखाली दुसरं फारसं काही उगवत नाही, पक्ष्यांना त्याचा उपयोग कमी. एका मुलीने ते मावशींना सांगितलंही. मावशी म्हणाल्या, "ते खरं असंल बाळा, पण माझी चूल त्याच्यावरच पेटती." मुलं खाली उतरेपर्यंत यावर वाद घालत होती आणि कुठल्याही मोठ्या माणसाने मध्ये पडून निकाल दिला नाही.

काही लोकांना वाटतं हे परदेशी फॅड आहे. जर्मनी, डेन्मार्कमध्ये जंगलातल्या बालवाड्या आहेत हे खरंय, पण आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम केलं तेव्हा गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली होती, मुलं जिथे गुरं चारतात तिथेच शिक्षक जायचे. पानं, बिया, दगड, शंख हेच साहित्य. म्हणजे मुळं इथलीच आहेत, आणि ती श्रीमंतांच्या मुलांसाठी नव्हती, यावरून मी माझ्या तक्रारीकडे येते.

फी महिन्याला अठराशे आहे. आम्हाला परवडते, आणि दोन माणसांनी चार रविवार तीन-तीन तास बारा मुलं सांभाळायची तर ती जास्त नाही. पण टेकडीला खेटून जनवाडी, गोखलेनगर, केळेवाडी या वस्त्या आहेत, तिथली मुलं या टेकडीवर आमच्या मुलांपेक्षा जास्त वेळ असतात, आणि बॅचमध्ये त्यांच्यासाठी फक्त दोन जागा आहेत. त्या दोन मुलांनी बॅचला जेवढं दिलंय तेवढं कोणी दिलं नसेल, घोरपड कुठे असते, कुठल्या बोराला अळी लागत नाही, कुठल्या वाटेने उतरलं की पाय घसरत नाही, सगळं त्यांना माहीत. निम्मी बॅच तरी अशी असायला पाहिजे, आणि त्यासाठी आमच्यासारख्यांची फी थोडी वाढवली तरी चालेल असं मी ताईंना सांगितलंय. अर्धा पॉइंट इथे गेला.

बाकीच्या तक्रारी किरकोळ आहेत. पावसाळ्यात वर्ग रद्द झाल्याचा मेसेज पहाटे साडेपाचला येतो, तोपर्यंत घरात सगळे उठलेले असतात. वर टॉयलेट नाही, मुलींना याचा त्रास होतो, आधी सांगून ठेवा आणि घरून जाऊन या. मोठी मुलं, म्हणजे सहावीतली, सुरुवातीच्या गप्प बसण्याला पहिल्या महिन्यात कंटाळतात, त्यांना थोडं वेगळं काहीतरी द्यायला हवं. पार्किंगची बोंब आहे, रविवारी चालायला येणाऱ्यांच्या गाड्यांची रांग असते, शक्यतो रिक्षाने या. आणि इंग्लिश मीडियमच्या मुलांना पहिले काही आठवडे मराठी नावं जड जातात पण दिवाळीपर्यंत जमून जातं, त्याची चिंता करू नका.

सुरक्षेबद्दल सगळेच विचारतात, तर इथे मला पूर्ण समाधान आहे. खाणीच्या काठाजवळ मुलांना नेत नाहीत, म्हणजे नाहीच. टेकडीवर घोणस आणि फुरसं असू शकतात, त्यामुळे बूट आणि फुल पँट सक्तीची, दगड उचलायचा तर मोठ्यांसमोर आणि तोही आपल्या बाजूने उघडायचा नाही, बिळात किंवा कपारीत हात घालायचा नाही. चावलं तर काय करायचं हे पहिल्याच रविवारी पालकांसमोर शिकवलं, कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मुलाला हलू द्यायचं नाही, सरळ हॉस्पिटल, आणि त्यांच्या यादीत ससूनचं नाव सगळ्यात वर होतं. फर्स्ट एडची पेटी मी उघडून बघितली, भरलेली होती. कुठलाही वर्ग निवडताना ही पेटी बघाच, आणि एका माणसामागे किती मुलं आहेत ते विचारा. सहाच्या वर असतील तर मी तरी पाठवणार नाही.

अजून एक गोष्ट तपासा, दर वेळी नवीन जागा दाखवणारा ग्रुप असेल तर तो ट्रेकिंगचा ग्रुप आहे, चांगला असेल, पण हे शिक्षण तिथे मिळणार नाही. मुलांना तीच वाट परत परत मिळायला हवी. आमच्या मुलीने वर्षभरात एकही नवीन जागा बघितली नाही आणि ती एकदाही म्हणाली नाही की आज नको.

टेकडीचं पुढे काय होणार हा विषयही पालकांच्या ग्रुपवर सारखा निघतो, साहजिक आहे. टेकडीवरून जाणाऱ्या प्रस्तावित बालभारती ते पौड फाटा रस्त्याला विरोध करायला 2023 मध्ये मोठा मोर्चा निघाला होता, आमच्या बॅचमधले बरेच पालक त्यात होते. ट्रॅफिकचा त्रास मलाही रोज होतो, ऑफिसला जाताना पौड रोडवर जीव जातो. तरीही टेकडी पोखरून रस्ता नको हे माझं मत वर्षभरात पक्कं झालंय, कारण आता मला माहितीये की त्या उतारावर काय काय आहे. मुलांना मात्र ताई-दादांनी मोर्चात नेलं नाही, कुठलंही पोस्टर बनवायला लावलं नाही, आणि ते योग्यच केलं.

सोबत काय द्यायचं: एक लिटर पाणी, टोपी, पावसाळ्यात रेनकोट (छत्री नको, वाऱ्यात उलटी होते), साधी कोरी वही, पेन्सिल, आणि डब्यात पोळीचा रोल किंवा शेंगदाण्याचा लाडू, पाकिटातलं काही चालत नाही, रॅपर वर न्यायलाच बंदी आहे. पांढरे कपडे घालू नका, माती निघत नाही. एप्रिल-मेमध्ये वर्ग सहाला सुरू होऊन आठला संपतो, बाकी वर्षभर साडेसहा ते साडेनऊ. नवीन बॅच जूनच्या पहिल्या रविवारी सुरू होते, मधूनच प्रवेश देत नाहीत. आम्ही मुलीचं नाव परत दिलंय, आणि या वेळी पाचवीतल्या पुतण्याचंही.